खलास

मुलांनो, रियाधमधलं एक गॅरेज डोळ्यांसमोर आणा. रत्नागिरीहून नुकत्याच आलेल्या कुबरादादी दाराशी बसल्या आहेत. दुखऱ्या गुडघ्यांमुळे त्यांना मरहूम नवऱ्याच्या जुन्या गाडीत चढवत नाही. म्हणून मुलगा शारीकने गाडीची उंची कमी करायला तिला आखूड स्प्रिंगा बसवल्या.

गाडी जॅकवरून उतरताच नात मेहेकने चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत टेप धरली. "अब्बा, पहिल्याइतकीच उंच!"

"स्प्रिंगा अजून दबल्या नाहीत, बेटा." शारीकने गाडी मागेपुढे ढकलली, पुन्हा मोजलं. गाडी चार बोटं खाली आली होती. "खलास!" तो ओरडला.

दादींचे डोळे भरले. "तुझ्या अब्बांची गाडी खलास केलीस?"

"दादी, इथं खलास म्हणजे काम झालं!" मेहेकने गाडीचं दार उघडलं आणि दादींना हात दिला.