तिसरा डाव

मी एक जुना डाव आहे. खेळातला नव्हे, मित्रांनो, वाढायचा. एका कारागिराने पितळेचा पत्रा ठोकून ठोकून मला घडवले, लांब दांडा जोडला आणि माझी रवानगी एका बालगृहाच्या स्वयंपाकघरात झाली. तिथे चाळीस मुले होती आणि त्यांना जेवू घालणारी एक बाई. सगळी तिला मावशी म्हणत.

दर महिन्याला नर्सबाई मुलांना तपासायला येत. त्यांनी चुलीजवळच्या भिंतीवर खडूने लिहून ठेवले होते: दोन डाव भात, एक डाव राजमा. खरे सांगतो, मला भाताचेच कौतुक होते. पांढराशुभ्र, मऊ, पडला की ताट भरून जाई. राजमा बापडा काळपट आणि शिजायला महा हट्टी! पण नर्सबाई म्हणत, "भातानं हिंडाफिरायला जोर येतो, पण अंग बांधायला राजमा लागतो. डावास डाव मोजलात तर भाताच्या तिप्पट प्रथिनं आहेत त्यात. भातात जे उणं ते राजमा भरून काढतो, राजम्यात उणं ते भात. दोघांची फारकत करू नका."

एके दिवशी मावशीच्या वारलेल्या बहिणीची मुलगी तिथे आली. तीन वर्षांची, नुकतीच गोवरातून उठलेली. हातापायांच्या नुसत्या काड्या, म्हणून मावशी तिला काडीच म्हणू लागली. चाळीस जणांच्या तोंडी मावशी होती, पण नात्याने ती हिची एकटीची.

पहिल्याच आठवड्यात राजमा कच्चा राहिला आणि काडीला ओकारी झाली. तेवढे निमित्त पुरले.

"नको माझ्या बाईला ते दगड," मावशी म्हणाली. "घे, मऊ मऊ भात खा."

तेव्हापासून काडीच्या ताटासाठी मी तिसऱ्यांदाही भातातच बुडू लागलो. मुले कुरकुरत, "काडीचे लाड चाललेत!" होतेच लाड. मावशी आपल्या वाटचा भातही तिलाच भरवी.

पुढे दोन महिने नर्सबाई आजारी होत्या, आल्या नाहीत. इकडे काडीचे गाल वर आले, पावले गुबगुबीत झाली. मावशी हरखली. मला उंच नाचवत म्हणाली, "बघा रे, पोरीनं अंग धरलं! काडी कसली, बटाटा झालाय नुसता!"

सगळी हसली. मीही फुशारलो. काडी तेवढी हसली नाही. तिचे केस तांबूस आणि विरळ झाले होते, आणि ताटापुढे बसल्या बसल्या ती डोळे मिटायची. मला ते दिसत होते, पण मला वाचा कुठली?

नर्सबाई आल्या त्या दिवशी त्यांनी काडीच्या पावलावर अंगठा दाबला आणि उचलला. खळगा तसाच राहिला.

"हे अंग नाही, मावशी. पाणी भरलंय. काय खाते ही?"

"पोटभर खाते हो! सगळ्यांपेक्षा जास्त. मी हातानं भरवते ना."

"काय भरवता?"

"भात."

"आणि राजमा?"

मावशीने माझ्याकडे पाहिले.

काडीला कडेवर घेऊन ती दवाखान्यात गेली. चौथ्या दिवशी परत आली ती एकटीच. हातातल्या पिशवीत काडीचा फ्रॉक होता. चुलीपाशी बसून ती एवढेच म्हणाली, "उपाशी ठेवली मी तिला. पोटभर जेवायला घालून उपाशी ठेवली."

आता माझा काठ झिजला आहे आणि मावशीही थकली आहे. पण वाढण्याआधी ती प्रत्येक मुलाच्या पावलावर अंगठा दाबून पाहते. कुणी राजमा नको म्हटले तर बोटांनी कुस्करून, समजूत काढून भरवते.

मित्रांनो, तुमच्या घरी कुणी लाडके असेल, तर त्याचे ताट भरले एवढ्यावर समाधान मानू नका. त्यात काय वाढले आहे तेही बघा. काडीच्या ताटात मी रोज तीन डाव वाढत होतो. तिसरा मात्र तिला कधीच मिळाला नाही.