लटारूभाऊच्या ऑटोवरचा भोंगा

मित्रांनो, मी एक जुना भोंगा आहो. लटारूभाऊच्या ऑटोच्या टपावर तारेनं बांधलेला. तोंड एवढं मोठं का एका उन्हाळ्यात त्यात कोंबडीनं अंडे घातले होते. हसू नका. म्हंजे हसले तरी चालते, मले काई वाटत नाई. भोंग्याले काईच वाटत नाई, तेच सांगाले बसलो.

माझा जन्म कुठी झाला ते मले ठाऊक नाई. वरोऱ्याच्या एका दुकानात छताले लटकून होतो, तिथून माझी आठवण सुरू होते. लटारूभाऊ आला, मले टिचकी मारली, कान लावला अन् म्हणे, "याच्या गळ्यात नाटक आहे."

दुकानदार म्हणे, "गळ्यात कोळ्याचं जाळं आहे. पुसून घेऊन जा."

तवापासून आमचं काम एकच. दिवाळी सरली का गावोगावी मंडई भरते, म्हंजे जत्राच, बैलाच्या शर्यतीचा शंकरपट होते, अन् जिथं मंडई तिथं नाटक. आता नाटक आहे हे आजूबाजूच्या गावाले सांगाचं कोणं? आम्ही.

"आले हो आले! माय-बहिणींनो, खास तुमच्या मनोरंजनासाठी! संगीत, सामाजिक, विनोदी नाटक, 'सासू बसली ट्रॅक्टरवर'! हसून हसून पोट दुखन, दवाखान्याचा खर्च ज्याचा त्यानं कराचा!"

अन् लटारूच्या बाजूले बसलेला त्याचा दोस्त सुकलू माईकमंदी हसे. सुकलूचं तेवढंच काम. पण काय हसे गड्या! पहिले घशात घुंगरू वाजल्यावानी, मंग एकदम पोतं फाटल्यावानी. त्याच्या हसण्यावर बैल बिचकत.

मनोरंजन हा शब्द फक्त माझ्याच तोंडातला, बरं का. "चाल वं, मनोरंजन करून येऊ" म्हणणारी बाई मी अजून पाह्यली नाई. बाया म्हणतात, "चाल, जीव रमवून येऊ." म्हातारे म्हणतात गंमत. पोट्टे म्हणतात टाईमपास. गुरुजी तेवढे करमणूक म्हणतात, अन् तिकीट काढाच्या वेळी दिसत नाईत. मले सारे शब्द सारखेच. आतून आले का मी बाहेर फेकतो.

लोकाले माझी अशी सवय लागली का नुसती खरखर ऐकली तरी बाया सूप घेऊन दारात येत. तोंड पहिले हसे, शब्द मागून पोचत.

मंग एका चैतात मोह गळाले लागला. सकाळी उठून टोपलं घ्याचं अन् जंगलात मोहफुलं वेचाले जाचं, हे आमच्याकडं साऱ्या घरी चालते. पण त्या साली तलावाच्या पाळीवर वाघ दिसला. जंगलवाल्या साहेबानं लटारूले एक कागद देला, गावोगावी वाचाले. लटारूनं वाचला, "नागरिकांनी सतर्क राहावे." सिंदेवाहीच्या पलीकडच्या त्याच्याच गावात दोन गल्ल्या फिरलो, दारात आलेल्या बाया कागदी भाषा ऐकून वापस गेल्या, कुत्रंबी उठलं नाई.

लटारूची जीभ खाजवली. कागद खिशात गेला.

"आला हो आला! पट्टेवाला हिरो! तलावाच्या पाळीवर, रोज संध्याकाळी! जंगलात जाणाऱ्याले जाचं तिकीट फुकट, वापस याचं भेटत नाई! कोणी जाऊ नका हो, कोणी जाऊ नका!"

सुकलू हसला. पोतं फाटलं. दारं धडाधड उघडले.

'जाऊ नका' मी बरोबर सांगितलं होतं. पण ज्या भोंग्यानं जल्मभर 'या' म्हटलं, त्याचं 'जाऊ नका' कोणं ऐकाचं? लोकांनी जागा अन् वेळ तेवढी ऐकली. संध्याकाळी पाळीवर मंडईवानी गर्दी, हातात मोबाईल. लटारू बोंबलून राह्यला, "अरे, हे नाटक नाई, वापस फिरा!" सुकलू सगळ्यात समोर. म्हणे, "लेका, मी त्याच्या जाहिरातीत हसलो, माझा तं पास आहे."

वाघ आला. लोक पळाले. सुकलू नाई.

त्याच्यानंतर लटारूच्या गळ्यातून नाटकाचा आवाज निघे ना. दिवाळी झाली, मंडया लागल्या, पोट तं भराचंच होतं. म्हणून त्यानं मागच्या सालचं मेमरी कार्ड लावलं. त्यात त्याचाच आवाज होता, अन् सुकलूचं हसणं.

आम्ही सुकलूच्या घरासमोरून गेलो. घुंगरू वाजलं, पोतं फाटलं. त्याची बायको ठमाबाई दारात आली. लटारूनं झटकन बटन दाबलं.

ठमाबाई म्हणे, "बंद काऊन केलं जी? हसू द्या त्याले."

लटारूनं पुन्हा चालू केलं. ती शेवटपर्यंत ऐकत उभी होती. डोळे कोरडे. मीबी कोरडाच.

पुढच्या चैतात पुन्हा मोह गळाले लागला. पुन्हा वाघ. लटारू ऑटो घेऊन चौकात उभा राह्यला. माझी खरखर झाली, लोक हसत बाहेर आले.

"का लटारूभाऊ, या साली कोणती गंमत?"

"गंमत नाई. वाघ आहे. उद्या मोह वेचाले कोणी जाऊ नका."

"वा! तोंड पाहा, कसं रडवं केलं! ॲक्टर आहे बाप्पा हा!"

"अरे, खरंच सांगून राह्यलो!"

लोक आणखी हसले. उद्यासाठी काढलेले टोपले काखेतच. लटारूले दिसून राह्यलं होतं का सकाळी हे सारे जाणार.

ठमाबाई घरातून आली, त्याच्या हातातून माईक घेतला. उलटा धरला होता, लटारूनं सरळ करून देला.

"मी ठमाबाई. सुकलूची. तो पाहाले गेला, गंमत म्हणून. मले त्याची एक चप्पल भेटली. मोह पडू द्या खाली. उद्या कोणी जाऊ नका."

एवढंच. आले हो नाई, माय-बहिणींनो नाई.

अन् सवयीनं, मित्रांनो, नुसत्या सवयीनं, मागून दोघातिघांनी टाळ्या वाजवल्या. मंग त्याहिले समजलं. हात तसेच हवेत राह्यले.

बाया घरी गेल्या. एकीनं टोपलं खुंटीले टांगलं, दुसरीनं आंगणात पालथं घातलं. सकाळी मोहाखाली फुलं नुसती पडून होती.

मी आता चेपलो आहो, गळ्यात गंज आहे. मले फडक्यानं पुसा, पावसात ठेवू नका, कोंबडीले बसू देऊ नका. अन् गावात माझी खरखर ऐकू आली तं तोंड हसरं कराच्या आधी थोडं थांबा. आत कोण बोलून राह्यलं ते ऐका. मले ते कळत नाई. तुमाले कळते.