सातव्या सिलिंडरची पिवळी रेघ

मित्रांनो, मी एक जुने इंजिन आहे. बारा सिलिंडरचे, भन्नाट वेगाच्या मोटारीतले. घाबरू नका, मी आता सुरू होणार नाही. माझी एक कूस कापलेली आहे, आत दिवा लावलेला आहे आणि बाजूची दांडी फिरवली की माझे बाराही पिस्टन वरखाली होताना दिसतात. तंत्रशाळेच्या कार्यशाळेत, खिडकीजवळ माझा मुक्काम असतो.

मला पहिल्यापासून नको तितक्या चौकशा करायची खोड आहे. आजकालच्या बऱ्याच इंजिनांच्या तोंडाशी हवा कोंबणारा पंखा असतो. बाळाला भरवावे तशी ती हवा खातात. माझे तसे नव्हते. पिस्टन खाली गेले की मी आपली हवा आपण ओढून घेई. त्यामुळे ओले गवत कुठे आहे, डांबर कुठे नुकतेच टाकले आहे, हे मला चालकाच्या आधी कळे. फक्त माझ्या स्वतःच्या पोटात काय चालले आहे, ते मात्र मला कधीच दिसले नाही. तिथे मिट्ट अंधार होता.

मला एकाच बाईने जोडले. कारखान्याची रीतच तशी होती. एक इंजिन एकाच जोडाऱ्याने पहिल्यापासून शेवटपर्यंत जोडायचे आणि मग त्याच्या नावाची पितळी पट्टी वर बसवायची. या जोडारीणबाई डोक्याला रुमाल बांधून काम करीत. बोल्ट पुरेसा आवळल्याची खूण म्हणून पाना ‘टक्’ वाजला, की त्या बोल्टच्या डोक्यावरून शेजारच्या धातूवर उतरणारी एक बारीक पिवळी रेघ ओढत. बोल्ट पुढे केसभर जरी फिरला, तरी रेघ मोडलेली दिसते.

“एवढं कशाला? लक्षात राहतं की,” एकदा शेजारचा कामगार म्हणाला.

“माझ्या डोक्यावर माझा विश्वास नाही बाबा. रेघेवर आहे,” बाई म्हणाल्या.

सातव्या सिलिंडरचा पिस्टन धरणाऱ्या रॉडचा शेवटचा बोल्ट आवळताना भिंतीवरचा फोन वाजला. त्यांच्या लेकीचा होता. पोरगी एवढ्या मोठ्याने बोलत होती की मलाही ऐकू आले.

“आई! माझा दात पडला!”

“गिळला नाहीस ना?”

“नाही, मुठीत आहे!”

“मग मूठ घट्ट धर. मी आल्यावर बघते.”

बाई हसत हसत परत आल्या आणि कामाला लागल्या. पुढे काही दिवसांनी चाचणीच्या खोलीत मी मिनिटाला नऊ हजार फेरे घेतले. तपासनीस कानावरचे संरक्षण काढून म्हणाला, “अरे, हे तर गातंय!” मी फुशारलो, खोटे कशाला बोलू?

माझे मालक हौशी होते. पाहुणे आले की बॉनेट उघडून मला दाखवायचे आणि माझ्याविषयी भलभलत्या थापा मारायचे. मला त्यांचा राग नव्हता. पण एका रविवारी रिकाम्या रस्त्यावर, शेजारी बसलेल्या मेहुण्याला दिपवण्यासाठी त्यांनी मला पार टोकाला नेले. पाचवा गिअर टाकायचा होता, हात गेला तिसऱ्यात. खालच्या गिअरमुळे वेगातल्या चाकांनी मला फरफटत पळवले. नऊ हजारांची माझी मर्यादा कुठल्या कुठे मागे राहिली. पोटात कडाकड आवाज झाला आणि मी गप्प झालो.

“मी काहीच केलं नाही. जोडतानाच काहीतरी सैल राहिलं असणार,” मालक कारखान्यात म्हणाले. मेहुणे खिडकीतून बाहेर बघत राहिले.

बड्या गिऱ्हाइकाशी वाद नको, म्हणून कारखान्याने त्यांना नवे इंजिन बसवून दिले. मला उघडून पाहायची तसदी कोणी घेतली नाही. बाईंना मात्र माझ्यासमोर उभे करून विचारले, “सगळे बोल्ट आवळले होते?”

“हो” म्हटले असते तर सुटल्या असत्या. पण त्या म्हणाल्या, “सातव्याच्या वेळी घरून फोन आला होता. त्या एका बोल्टचं मला छातीठोक सांगता येत नाही.”

झाले! ‘जोडणीतील चूक’ असा शेरा पडला. माझ्यावरची पट्टी काढून त्यांच्या हातात देण्यात आली. महिन्याभरात त्यांनी कारखाना सोडला. मला फार वाईट वाटले. आणि त्याहून वाईट म्हणजे, मलाही उत्तर माहीत नव्हते. चुकलेल्या गिअरने माझा घात केला, की खरेच तो बोल्ट सैल होता? गोदामात चादरीखाली नऊ वर्षे मी हाच विचार करत होतो.

मग कारखान्याने जुने सामान या तंत्रशाळेला देऊन टाकले. माझा क्रमांक वहीत उतरवून घ्यायला एक शिक्षिका आल्या. शेवटच्या आकड्याशी त्यांचा हात थांबला. त्या जोडारीणबाईच होत्या! केस पांढरे झाले होते, पण रुमाल तसाच होता. त्यांनी मला पाहिले आणि चादर पुन्हा ओढली.

माझ्या तळाचे झाकण उघडले की सातव्याचा बोल्ट समोर दिसतो. दहा मिनिटांचे काम. पाच महिने गेले, बाई रोज यायच्या, धूळ झटकायच्या आणि जायच्या. “उघडा ना हो एकदा!” असे मला ओरडावेसे वाटे.

शेवटी लेथ शिकवणारे मास्तर त्यांच्या मागे लागले. मास्तरांची जीभ म्हणजे कानस. “बाई, वर्गाला इंजिन कापून दाखवायचंय आणि तुम्ही त्याला नवरीसारखं झाकून ठेवलंय!”

तेव्हा बाईंनी त्यांना सगळे सांगितले. मास्तर पहिल्यांदाच थट्टा विसरले. “मग कळू द्या की एकदाचं.”

“आणि चूक माझीच निघाली तर? उद्यापासून पोरांना पाना धरायला कुठल्या तोंडाने शिकवू?”

मास्तरांनी मला स्टँडवर उलटे केले आणि झाकणाचे बोल्ट काढायला घेतले. बाई खिडकीशी पाठ करून उभ्या राहिल्या.

“सगळं काळंकुट्ट आहे,” मास्तर म्हणाले. “थांबा, फडक्याने पुसतो.”

“पुसू नका!”

बाई अशा ओरडल्या की मास्तरांच्या हातून फडके पडले. त्या धावत आल्या. मऊ ब्रश रॉकेलमध्ये बुडवून त्यांनी सातव्याच्या बोल्टवरची काजळी हळूहळू सोडवली. काळे पाणी ओघळले आणि खाली फिकट पिवळा रंग दिसला. बोल्टच्या डोक्यावरून शेजारच्या धातूवर उतरलेली सलग रेघ.

“मास्तर, तुम्ही बघा. माझ्या डोळ्यांवर माझा विश्वास नाही.”

मास्तरांनी चष्मा पुसून पाहिले. “सरळ आहे हो बाई. पट्टीने मारल्यासारखी.”

मग त्यांनी मला वरूनही उघडले. बाराही पिस्टनच्या माथ्यावर अर्धगोल खुणा होत्या.

“ह्यांना कोण चावलं?” मास्तरांनी विचारले.

“व्हॉल्व्ह. इंजिन मर्यादेबाहेर पळवलं की व्हॉल्व्ह मिटायच्या आत पिस्टन येऊन आदळतो. चुकीचा गिअर पडला की असंच होतं.”

असे होय! मलाही ते त्या दिवशीच कळले.

बाई स्टुलावर बसल्या. हसत होत्या आणि डोळे वाहत होते. मग त्यांनी लेकीला फोन लावला.

“तुझा पहिला दात पडला, तेव्हा तू मला कारखान्यात फोन केला होतास. आठवतं?”

“हो. पण आज मधेच काय? आई, तू रडतेयस का?”

“नाही गं. त्या दिवशी फोन ठेवल्यावर परत जाऊन मी रेघ मारली होती. एवढंच सांगायचं होतं.”

त्याच संध्याकाळी बाईंनी हत्यारपेटीच्या तळातून ती पितळी पट्टी काढली आणि दोन स्क्रूंनी माझ्यावर पुन्हा बसवली. दोन्ही स्क्रूंवर पिवळी रेघ ओढायला त्या विसरल्या नाहीत.

मित्रांनो, माझा श्वास थांबला याचे मला दुःख आहे. तो गाणारा आवाज आता माझ्यातून कधी येणार नाही. पण पोटात उजेड पडला, आणि इतकी वर्षे आत काय दडले होते ते दिसले. कधी आलात तर दांडी सावकाश फिरवा आणि सातव्याकडे नीट पाहा. आणि माझी एक विनंती आहे. यंत्र बिघडो की काम बिनसो, कोणाच्या नावावर चूक लिहायच्या आधी तळाचे झाकण उघडून बघत जा. दहा मिनिटे लागतात. आमच्या बाईंची नऊ वर्षे गेली.