घरातलाच दुभाषा

हेलनबाईंची एक खोड पहिल्या दिवसापासून माझ्या डोक्यात जायची. मी बोलत असले की त्या माझ्याकडे बघायच्याच नाहीत, बघायच्या तनिषाकडे. तनिषा म्हणजे माझ्या मोहनची मुलगी, वय अठरा, जन्म इथलाच, लंडनातल्या पिनरचा. मी तोंड उघडलं की बाईंची मान तिकडे वळायची, जशी काही मी त्या पोरीने पाळलेली मांजर.

या बाई चौकशीच्या प्रमुख. माझं शेंडेफळ, कस्तुरी, तिला तिच्या नवऱ्याने, सुयशने, मेडनहेडच्या घरात मारून टाकलं. तो तुरुंगात गेला. पण या देशात असं मरण झालं की पोलीस, डॉक्टर, कौन्सिल, सगळ्यांचे कागद गोळा करतात, कुठे चुकलं ते शोधतात आणि त्यातून शिकतात म्हणे. ते शिकलेलं एका जाडजूड अहवालात बांधून बाई आमच्या सोफ्यावर बसल्या होत्या. सोबत फुलांचा गुच्छ, बारशाला आल्यासारखा.

चौथीत शाळा सुटली माझी, पण त्या अहवालातलं एक वाक्य मी मोहनकडून तीनदा वाचून घेतलं होतं. कस्तुरीचं मनगट मोडलं तेव्हा डॉक्टरने विचारलं, घरी काही त्रास आहे का? पुढे लिहिलेलं, 'कस्तुरीने नाही म्हणून सांगितलं.' ते वाक्य मला काढून हवं होतं. बाकीची दीडशे पानं त्यांनी खुशाल लोणच्याच्या बरणीखाली घालावीत.

इंग्रजी बोलताना कस्तुरीची जीभ अडायची. मग डॉक्टरचं तिला आणि तिचं डॉक्टरला सांगायला त्या खोलीत कोण होतं? सुयश!

मी तनिषाला म्हटलं, "विचार हिला, मारणाऱ्यालाच मध्ये बसवून 'मारतो का गं तो' विचारणारा डॉक्टर कुठल्या शाळेत शिकला? आणि ते जसंच्या तसं उतरवून घेणाऱ्या बाईच्या डोक्यात मेंदू आहे की भुसा?"

तनिषा मान खाली घालून पुटपुटली, "ग्रॅनी इज अ बिट अपसेट अबाउट द डॉक्टर."

बाईंनी लगेच लिहून घेतलं.

एवढं इंग्रजी मला कळतं. "बिट? मी बिट बोलले?"

"आजी, मी ते तसा नाही सांगू शकत. ती वाईट वाटेल," ती तिच्या मोडक्या मराठीत म्हणाली.

"वाटू दे! त्यासाठीच बोलले."

पोर रडवेली झाली. मायेपोटीच केलं होतं तिने. माझ्यावर जीव टाकणारी नात माझं निम्मं बोलणं गिळते, तर त्याने कस्तुरीचं काय शिल्लक ठेवलं असेल?

"हिला विचार, दुभाषा का नाही आणला?"

तनिषाने विचारलं. बाई म्हणाल्या, घरातलंच माणूस असलं की कुटुंबाला बरं वाटतं. मग त्यांचं त्यांनाच ऐकू आलं बहुतेक. मानेपर्यंत लाल झाल्या. पेन काढून अहवालातल्या त्या 'नाही म्हणून सांगितलं'वर काट मारली आणि वर काही लिहिलं. तनिषाने वाचून दाखवलं, 'कस्तुरी काय म्हणाली ते कोणालाच माहीत नाही, कारण तिला कोणी विचारलंच नाही.'

"पुढच्या वेळी दुभाषा नक्की आणते," बाई म्हणाल्या.

"तनिषा, आता एक अक्षर गाळलंस तर बघ," मी म्हटलं आणि हेलनबाईंच्या डोळ्यांत बघून बोलले, "बाई, आठ महिने दुसऱ्यांच्या चुका वेचत फिरलात आणि त्यातलीच एक माझ्या घरात बसून केलीत. तुम्ही वाईट नाही. नुसत्या बिनकामाच्या आहात. आणि माझ्या लेकीभोवती सगळे असेच होते."