तीस फेब्रुवारी, ठीक

मित्रांनो, सुरुवातीलाच सांगून टाकतो, मी छत्री अडकवायची खुंटी नाही! मी एक जुना अग्निशामक आहे. जिन्याजवळ भिंतीला टांगलेलं लाल नळकांडं असतं ना, आग विझवायचं, तोच मी. पण आमच्या तिसऱ्या मजल्यावर माझ्या मानेला छत्र्या लटकल्या, पिशव्या लटकल्या, एकदा तर कुणीतरी ओला पायमोजा वाळत घातला. एकच! दुसरा कुठे होता देव जाणे.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. तिथे आधी माझ्या पोटात पाणी भरून असा काही दाब दिला की वाटलं, आता फुटतोच. फुटलो नाही. मग पाणी काढून पावडर भरली, वर वायू कोंडला आणि कपाळावर एक छोटी तबकडी बसवली. तिची सुई हिरव्या पट्ट्यात असली की मी ठणठणीत. लाल पट्ट्यात घसरली की मी नुसता डबा. शेवटी पिन लावणाऱ्या ताईंनी माझ्या गळ्यात बारा चौकटींचं कार्ड बांधलं आणि म्हणाल्या, "जा बाळा. दर महिन्याला कुणीतरी तुझी नाडी बघेल."

किती भोळी असतात माणसं!

तसं सुरुवातीला खरंच कुणीतरी होतं. इमारतीचे वायरमनकाका. दर एक तारखेला ते यायचे, सुई बघायचे, पिन आणि सील जागेवर आहे का बघायचे, नळीच्या तोंडात कोळ्यानं संसार तर थाटला नाही ना, तेही बघायचे. मग मला उलटं करून बुडावर थापट्या मारायचे, बाळाची ढेकर काढतात तशा. कारण पावडर पडून राहिली की तळाशी दगडासारखी बसते. "काय गड्या, झोप झाली का?" असं विचारून मगच कार्डावर सही.

दुसऱ्या मजल्यावरच्या शिंपीणताई एकदा जिन्यातून जाताना हसल्या. "काका, आता त्याला पाळण्यातपण घाला."

"हस, हस! तुझ्या मजल्यावर माझा दुसरा लेक टांगलाय. त्याला तूच थोपटत जा, मग कळेल."

पुढे काका थकले आणि लेकीकडे राहायला गेले. माझं कार्ड आलं सेक्रेटरीसाहेबांकडे. माणूस वाईट नव्हता हो. टापटिपीचा होता, तिथेच तर घोळ झाला! त्यांना एकही चौकट रिकामी बघवत नसे. दोन जानेवारीला ते चहाचा कप घेऊन वर आले, कार्ड माझ्याच पोटावर टेकवलं आणि लिहीत सुटले. तीस जानेवारी, ठीक. तीस फेब्रुवारी, ठीक. तीस मार्च, ठीक. चहा निवायच्या आत अख्खं वर्ष संपलं! माझी सुई त्यांच्या पेनापासून चार बोटांवर होती. ती हिरव्यातून घसरायला लागली होती. बघितलं? नाव नको! वर्षातून एकदा तपासायला येणाऱ्या मेकॅनिकचा फोन आला, तर त्यालाही सांगितलं, "कशाला येताय? कार्ड भरलेलं आहे."

मला माझी पर्वा नव्हती. माझ्या डाव्या हाताला विजेच्या मीटरांची पेटी आणि उजव्या हाताला गणिताच्या बाईंचं दार. बाई निवृत्त झालेल्या, गुडघे दुखरे, घरात एकट्या. त्या पेटीनं पेट घेतला तर बाईंची जिन्याकडे जायची वाट बंद. मध्ये उभा मी, आणि माझ्या अंगातला जीव रोज थोडा थोडा गळतोय. सांगू कुणाला? मला तोंड आहे, पण त्यातून पावडर येते, शब्द नाही.

सप्टेंबरमधल्या एका दुपारी पेटीतून चर्रर्र आवाज आला. मग धूर, मग जाळ. त्या महिन्याची चौकट तर केव्हाच 'ठीक' झाली होती! बाईंनी दार उघडलं आणि खोकत मागे सरकल्या. सेक्रेटरीसाहेब दोन दोन पायऱ्या ओलांडत धावत आले. त्यांनी छत्र्या भिरकावल्या, मला खाली घेतलं, पिन ओढली, नळी रोखली, दांडा दाबला.

फुस्स.

चिमूटभर पावडर उडाली. मित्रांनो, पाळण्यातल्या बाळाच्या गालालासुद्धा ती पुरली नसती. लाजेनं मी अधिकच लाल झालो असेन.

"अहो, सरका!" शिंपीणताई वर आल्या, कडेवर मूल घ्यावं तसा माझा धाकटा भाऊ घेऊन. जिन्यातूनच त्या खाली ओरडल्या, "मेन स्विच पाडा आधी!" आणि दांडा दाबला. काय तो फवारा! चार दमांत जाळ बसला. काका गेल्यापासून ताई दर एक तारखेला त्याला न चुकता थोपटत होत्या. त्याची सुई लाल झाली तेव्हा मेकॅनिकला स्वतः बोलावून त्याला भरून घेतला होता. त्याच्याही कार्डावर साहेबांचं वर्षभराचं 'ठीक' होतंच. ताई साहेबांना म्हणाल्या, "भाऊ, कागदावर टाका घातला म्हणून कापड शिवलं जातं का?"

बाई बाहेर आल्या. पांढऱ्या पावडरीनं माखलेल्या, पण धडधाकट. त्यांनी चष्मा पुसला आणि माझं कार्ड वाचलं.

"तीस फेब्रुवारी?" त्या म्हणाल्या. "अरे, चौथीत मुठीवर महिने मोजायला कुणी शिकवलं होतं तुला?"

"तुम्हीच, बाई."

"काढ मूठ."

आणि पन्नाशीचे सेक्रेटरीसाहेब भर जिन्यात मुठीचे उंचवटे मोजू लागले. जानेवारी उंच, फेब्रुवारी खाली... तिथे त्यांचं बोट थांबलं. "बाई," ते हळूच म्हणाले, "तुम्ही आत होतात."

मेकॅनिक आला. माझ्या पोटात पुन्हा पाण्याचा दाब दिला. म्हातारा असूनही टिकलो! नवी पावडर, नवं सील, कोरं कार्ड. आता सेक्रेटरीसाहेब स्वतः येतात, मला उलटं करतात, थापट्या मारतात. बाई दारात मूठ धरून उभ्या असतात. यंदा फेब्रुवारीच्या चौकटीत तारीख आहे एक, आणि 'ठीक'च्या जागी चक्क लिहिलंय: 'सुई हिरवी. नळी मोकळी. छत्री एक, काढली.'

तेव्हा मित्रांनो, तुमच्याही जिन्यात माझा एखादा भाऊ धूळ खात असेल. आज घरी जाताना त्याच्यापाशी थांबा. कार्डावर काय लिहिलंय ते मागाहून वाचा हो, आधी सुई बघा!