काठीनं आटलेली युराकमायो

भर पावसात नदीचं पात्र माणसांनी फुललं होतं. प्रवचनकार भाऊ सेवेरिनोनं काठी उगारली आणि दुथडी भरून वाहणारी युराकमायो बघता बघता आटली! पोरं चिखलात तडफडणारे मासे गोळा करत होती, बायका छातीवर क्रुसाची खूण करत रडत होत्या. त्यांत माझी सख्खी बहीण दोरिला, तान्ह्या लेकीला घेऊन, गुडघे टेकून अगदी पुढे.

"नदी! तुला देवाची आण आहे, हलू नकोस!" कर्ण्यांतून भाऊ गरजला. हे कर्णे पुराचा इशारा देणाऱ्या भोंग्याचे. नगराध्यक्ष फाउस्तोनं ते मनोऱ्यावरून उतरवून भाऊच्या चरणी वाहिले होते. "भाऊ असताना भोंगा कशाला?" म्हणे. असल्या दिवट्यांना आम्हीच निवडून देतो.

शाळेच्या नेलिदाबाई धापा टाकत आल्या. "दोरिला, ऊठ! पाऊस चालूच आहे, मग पाणी गेलं कुठं?"

"भाऊंनी थांबवलं, बाई."

"दरडीनं थांबवलंय! वर डोंगर कोसळून नदी अडलीय. तो ढिगारा फुटला की सगळे वाहून जाल."

भाऊ गोड हसला. "बाईंचा पुस्तकावर विश्वास, माझा परमेश्वरावर."

"मग तुमची गाडी टेकडीकडे तोंड करून चालू का ठेवलीय?"

सगळ्यांच्या माना गाडीकडे वळल्या. आतला ड्रायव्हर ओशाळला. "पोरंबाळं आहेत हो इथं... सांगतोच. पहाटे वरच्या वाडीत दरड पडताना आम्ही दोघांनी पाहिली. भाऊ म्हणाले, पाणी ओसरायच्या आत खाली पोचव, आज नाव होईल."

भाऊ गाडीकडे सरकू लागला. बाईंनी त्याच्या हातातला माईक हिसकावला. "पळा! टेकडीवर, शाळेत!"

मी दोरिलाला दंडाला धरून ओढत वर नेलं. सगळ्यांत आधी वर कोण पोचलं? भाऊ, गाडीतून. मग वरचा ढिगारा फुटला, डोंगर गडगडला आणि चिखल, धोंडे, झाडं घेऊन नदी आली. भाऊचा मंडप, कर्णे, बाजार, सगळं गेलं. माणसं तेवढी वाचली.

"भाऊंच्या आशीर्वादानं वाचलो! मिरवणूक काढू," फाउस्तो निर्लज्जपणे म्हणाला.

दोरिला लेकीला उराशी धरून पुढे आली. "मिरवणूक घाला चुलीत! वरच्या वाडीत नदीवर नजर ठेवायला माणूस बसवा आधी!"

वाचकहो, पावसात नदी एकाएकी आटली, तर गुडघे टेकू नका. लेकरू उचला आणि चढाला लागा.