ऑफसाइडच होता

इस्पितळाच्या शिवणखोलीत सगळ्या मशीन चालू असल्या तरी त्यांच्या वर आत्याचाच आवाज ऐकू यायचा, म्हणून तिला तिथे सगळ्याजणी ‘भोंगा’ म्हणत. आदल्या दिवशी शहराच्या हिरव्या जर्सीवाल्या फुटबॉल संघाचं काय झालं, ते सोमवारी भोंग्याचं तोंड बघून कळायचं. संघ जिंकला, तर ती दुसऱ्यांच्या वाटणीचे अभ्रेही शिवून द्यायची. हरला, तर तिच्या वाटेला जायची कुणाची टाप नसायची.

गेल्या मोसमातला शेवटचा सामना संघ हरला आणि खालच्या गटात घसरला. आत्याच्या मते हरला नाही, हरवला गेला. अगदी शेवटच्या मिनिटाला बरोबरीचा गोल झाला होता. आत्या शेजारच्या अनोळखी बाईच्या गळ्यात पडून रडायलाच लागली होती. तेवढ्यात कडेच्या पंचाने झेंडा वर केला. ऑफसाइड! गोल मारणारा पोरगा शेवटच्या बचाववाल्याच्या पुढे होता म्हणे, म्हणून गोल रद्द. तोंडात घातलेला घास कुणी बोट घालून काढून घ्यावा, तसं झालं. पुढे चांगले खेळाडू दुसरीकडे गेले, प्रशिक्षकाला नारळ मिळाला आणि आत्या ज्या बाकावर बसायची तिथे कबुतरं बसू लागली.

भाच्याला तिनेच वाढवलं होतं. भाऊ-भावजय लवकर गेले. त्याने आपलं लग्न आपणच ठरवलं आणि एका दुपारी आत्याला मुलीच्या घरी घेऊन निघाला.

“आत्या, फुटबॉलचा विषय नको,” त्याने वाटेत बजावलं.

“मी काय खुळी आहे?”

मुलीचे वडील टपाल कचेरीत होते. टक्कल पडलेला, हळू बोलणारा माणूस. चहा आला, बिस्किटं आली, हवापाण्याच्या गप्पा झाल्या. सगळं छान चाललं होतं. मग आत्याला दाराजवळच्या खुंटीवर दोन छोटे झेंडे दिसले.

“हे कशाचे?”

“रविवारी कडेचा पंच म्हणून जातो. हौस आहे आपली.”

आत्याने मनातल्या मनात त्या टकलावर टोपी चढवून पाहिली. तोच!

“मागच्या मोसमात, हिरव्या संघाच्या शेवटच्या मॅचला... तुम्हीच होतात ना?”

भाच्याने डोळे मिटून घेतले.

“असेन,” व्याही कपात बघत म्हणाले. “आठवत नाही हो, ताई. इतक्या मॅचेस होतात.”

आठवत नाही! कित्येक महिने आत्या तो झेंडा डोळ्यांसमोर घेऊन झोपत होती, उठत होती, आणि ज्याने तो उचलला त्याला आठवतही नव्हतं. तिने ताटलीतली बिस्किटं टेबलावर मांडली.

“हा कप म्हणजे गोल. हा त्यांचा शेवटचा बचाववाला. हा आपला पोरगा. बघा, मागे आहे की नाही? चांगला हातभर मागे!”

“आत्या, पुरे,” भाचा म्हणाला.

“असेल, माझी चूकही झाली असेल,” व्याही समजुतीने म्हणाले. “शेवटी खेळ आहे, ताई.”

“खेळ?” आत्या उभीच राहिली. “तुम्ही हात वर केलात आणि घरी जाऊन जेवलात. आमच्या घरात दोन दिवस चूल पेटली नाही! निदान लक्षात तरी ठेवायचं!”

“जेवले?” मुलीची आई स्वयंपाकघरातून तरातरा बाहेर आली. “त्या दिवशी हे पाठीला चार टाके घालून घरी आले. तुमच्याच माणसांनी बाटली फेकली होती. आणि म्हणे आठवत नाही! तुम्ही हिरव्या संघाच्या आहात असं पोरीने सांगितलं, तेव्हापासून हे आठवत नाही म्हणायची तालीम करतायत!”

“अगं, गप्प बस ना!” व्याही म्हणाले.

आत्याचं तोंड लालबुंद झालं होतं, पण आवाज खाली आला.

“बाटली फेकणारा नालायक होता. माझ्या हाती लागता तर मीच त्याला सोलला असता.” ती थांबली. “पण गोल तो गोलच होता.”

“ऑफसाइड होता.”

“काय?”

“ऑफसाइडच होता!” त्या हळू बोलणाऱ्या माणसाने टेबलावर मूठ आपटली. “खांदा पुढे होता त्याचा! मी रेषेत उभा होतो, तुम्ही वर बाकावर! टाके पडले तरी झेंडा खाली घेतला नाही मी. चूक झाली असेल म्हणालो ते पोरीसाठी. चूक झालेली नाही!”

“मग हेच आधी बोलायला काय झालं होतं?” आत्या ओरडली. “मला तोंडावर खोटं सांगता?”

मग दोघं जे भांडले, ते बाहेरचे दिवे लागेपर्यंत. बिस्किटं पुढे-मागे सरकत राहिली, चुरा झाला. कोणी बोटभरही मागे हटलं नाही. मुलगी आणि भाचा गच्चीत निघून गेले.

परतताना भाचा झपाझप पुढे चालत होता. मग एकदम फुटला. “माझं लग्न एका गोलापेक्षा स्वस्त आहे का तुला?”

“नाही रे,” आत्या म्हणाली. तिचा घसा बसला होता. “त्यांनी ऑफसाइड म्हटलं ते मी सोसलं. आठवत नाही म्हटलं ते सोसवेना.”

भाच्याला ते पटलं नाही. पुढे आठवडाभर तो तिच्याशी कामापुरतंच बोलला. लग्न मात्र ठरल्याप्रमाणे झालं. आत्याने सुनेसाठी स्वतः पडदे शिवले, विहिणीची हात धरून माफी मागितली. व्याह्यांची नाही मागितली. त्यांनीही मागितली नाही.